घरच्या बेकिंगमध्ये बटर, लोणी, तूप आणि मार्जरिन: मोजायचं कसं, बदलायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात घरोघरी म्हशीचं दूध येतं, साय साठते, लोणी निघतं, तूप कढवलं जातं. केकची कृती मात्र बहुतेक वेळा परदेशातली असते आणि तिच्यात 'एक स्टिक बटर' किंवा 'पाऊण कप अनसॉल्टेड बटर' लिहिलेलं असतं. मग फ्रिजमधलं लोणी किंवा बरणीतलं तूप अंदाजाने पडतं आणि केक बसतो, नाहीतर नानकटाई ट्रेभर पसरते. खालचे प्रश्न बहुतेक या एका जागीच अडलेले आहेत.

परदेशी कृतीतली 'एक स्टिक' म्हणजे किती?

अमेरिकेत बटर कांडीच्या आकारात मिळतं. एक कांडी ११३ ग्रॅमची, म्हणजे त्यांचा अर्धा कप. पूर्ण कप २२७ ग्रॅम. एक टेबलस्पून सपाट भरलेलं बटर १४ ग्रॅम, एक टीस्पून जेमतेम ५ ग्रॅम. कृती ऑस्ट्रेलियन असेल तर सांभाळा, तिथला टेबलस्पून १५ नव्हे तर २० मिलीचा असतो. आपल्याकडे मिळणारे मापाचे कप काही २४० मिलीचे, काही २५० मिलीचे असतात. कपाच्या दांड्यावर किंवा बुडाशी आकडा असतो, तो एकदा बघून ठेवा.

आमच्याकडे वजनकाटा नाही. वाटीने मोजलं तर चालत नाही का?

चालतं, पण ती वाटी किती मिलीची हे माहीत असेल तर. घरातली आमटीची वाटी १२० मिलीची निघते, तर पाहुण्यांसाठी काढलेली स्टीलची वाटी १८० ची. वाटीत काठोकाठ पाणी भरा, ते औषधाच्या किंवा बाळाच्या दुधाच्या आकडे घातलेल्या बाटलीत ओता, आकडा वाचा आणि वाटीच्या बुडाला मार्करने लिहून टाका. वितळलेल्या तुपाची १०० मिली वाटी साधारण ९० ग्रॅम भरते, तेलाची ९२ ग्रॅम. घट्ट लोणी वाटीत दाबून भरलं तर ९१ ते ९५ च्या आसपास, पण मध्ये हवेची पोकळी राहिली की हा हिशेब लगेच चुकतो. थिजलेलं रवाळ तूप वाटीने मोजूच नका. चमच्याने काढून टाकलेल्या तुपात किती फट राहते ते सांगता येत नाही.

काटा घ्यायचाच असेल तर एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, गुजरीतल्या सराफाचा काटा लागत नाही. मात्र असल्या काट्यावर ३-४ ग्रॅम बेकिंग पावडर तोलू नका. इतक्या कमी वजनाला तो अडखळतो, तिथे चमचाच बरा.

काट्याशिवाय घट्ट बटर अचूक मोजायची काही युक्ती?

आहे, आणि बऱ्यापैकी अचूक आहे. मिलीच्या खुणा असलेलं पारदर्शक भांडं घ्या. त्यात २०० मिली थंडगार पाणी घाला. बटरचे किंवा लोण्याचे तुकडे त्यात सोडा आणि तरंगू द्या. पाणी ३०० च्या खुणेवर आलं की आत १०० ग्रॅम बटर आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी सारते, म्हणून जितके मिली पाणी वर चढलं तितके ग्रॅम. बोटाने तुकडा पूर्ण बुडवून मापलंत तर मात्र हा हिशेब लागू होत नाही. मग १०० मिलीला ९१ ग्रॅमच येतं. तुकडे भांड्याच्या कडेला चिकटू देऊ नका, नंतर निथळून कापडाने टिपून घ्या. घरचं लोणी तसंही आपण पाण्यात ठेवतो, त्यामुळे त्याला ही पद्धत फारच सोयीची.

विकतच्या बटरची वडी असेल तर एवढीही खटपट नको. ५०० ग्रॅमची वडी फ्रिजमधून काढल्या काढल्या सुरीने मधोमध कापा, २५०. पुन्हा अर्धी, १२५. मऊ झाल्यावर कापलीत तर सुरी ओढली जाते आणि एक तुकडा जाड, एक बारीक होतो.

लोणी वितळवून मोजायचं की मोजून वितळवायचं?

कृतीत 'वितळवलेलं बटर १०० ग्रॅम' असो की '१०० ग्रॅम बटर, वितळवून', वजनात फरक नाही. फक्त वितळवताना उकळू देऊ नका. उकळलं की पाणी उडून जातं आणि तुम्ही बटर नव्हे, निम्मं तूप मोजत असता. बटर मुद्दाम तांबूस करून घालायचं असेल तर १०० ग्रॅमचे ८२ ग्रॅमच्या आसपास उरतात, तिथे एक टेबलस्पून पाणी किंवा दूध परत घाला.

बटरमध्ये नेमकं असतं काय? बदली करताना हे माहीत असायला हवं का?

हवंच. बाकीची सगळी उत्तरं यावरच उभी आहेत. विकतच्या बटरमध्ये कमीत कमी ८० टक्के फॅट आणि जास्तीत जास्त १६ टक्के पाणी असावं असा भारतात नियम आहे. उरलेला भाग दुधातले घन पदार्थ आणि मीठ. तूप म्हणजे जवळजवळ शंभर टक्के फॅट. तेल, डालडाही तसेच. म्हणजे '१०० ग्रॅम बटरऐवजी १०० ग्रॅम तूप' घातलंत तर फॅट २० ग्रॅमने वाढतं आणि पाणी १६ ग्रॅमने कमी होतं. बिस्किटं तेलकट होऊन भुगा होतात, केकचा गाभा जड होतो ते यामुळे. पाण्याचं काम दोन प्रकारचं: ओव्हनमध्ये त्याची वाफ होऊन पीठ वर उचललं जातं, आणि मैद्याला बांधून ठेवायला थोडी ओल मिळते.

मग बटरऐवजी साजूक तूप घालायचं प्रमाण काय?

१०० ग्रॅम बटर = ८० ग्रॅम तूप + २० मिली दूध. दूध म्हशीचं असेल तर त्यातलं १६-१७ मिली पाणीच असतं, म्हणून २० हा आकडा. बटर खारं असेल तर पाव चमचा मीठही घाला.

तूप कसलं आहे यावर चव ठरते. खरपूस, तांबूस कढवलेलं तूप व्हॅनिला केकमध्ये व्हॅनिलाला दाबून टाकतं. त्याला वेलची, जायफळ, केशर, खजूर, गूळ अशी साथ द्या, मग बिघडत नाही. साध्या केकसाठी बेरी जेमतेम सोनेरी झाली की उतरवलेलं फिकट तूप बरं. आणखी एक: तुपाचा केक फ्रिजमध्ये ठेवला की दगड होतो. खायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा.

घरचं लोणी आणि विकतचं बटर एकच का?

एक नव्हे, आणि दोन घरांतलं लोणीही एक नसतं. फरक पाण्याचा. नीट धुतलेल्या, दाबून निथळवलेल्या लोण्यात २० टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं. घाईत काढलेल्या लोण्यात ३० टक्क्यांच्या वरही असू शकतं, शिवाय ताक अडकलेलं असतं ते वेगळंच.

तुमच्या लोण्यात किती पाणी आहे हे एकदा मोजून बघा. छोट्या जाड बुडाच्या भांड्याचं वजन करा. त्यात १०० ग्रॅम लोणी घाला. मंद आचेवर कढवा. आधी फेसाचा आवाज येत राहतो, मग चुरचुर थांबते आणि तळाला बेरी रंगायला लागते. तिथे गॅस बंद करा. भांडं कोमट होऊ द्या, गरम भांडं काट्यावर ठेवलं तर काटा बिघडतो. परत वजन करा. जेवढं कमी भरलं तेवढं पाणी होतं. समजा २२ ग्रॅम कमी झाले, तर उरलेल्या ७८ मध्ये दोनएक ग्रॅम बेरी धरून फॅट ७६.

आता कृतीत २०० ग्रॅम बटर आहे. त्यात फॅट १६० ग्रॅम. १६० ला ०.७६ ने भागा, २१० ग्रॅम लोणी लागेल. या २१० मध्ये फॅट सोडून ५० ग्रॅम ओल आणि घन पदार्थ आहेत, बटरमध्ये ४० होते. म्हणून कृतीतलं दूध १० मिलीने कमी. पण लोणी ओलं असेल, फॅट ६५ टक्केच भरलं, तर लोणी २४६ ग्रॅम लागेल आणि दूध ४५ मिलीने कमी करावं लागेल. हा ४५ मिलीचा फरक म्हणजे तीन टेबलस्पून. केक मधोमध चिकट राहतो, सुरीला ओलं पीठ लागतं आणि लोक ओव्हनला दोष देतात.

केकसाठी लोणी काढताना वेगळं काय करायचं?

साय फार दिवस साठवू नका. आठवड्याभरात विरजून घुसळा, नाहीतर वास लागतो आणि तो भाजल्यावर अधिकच जाणवतो. घुसळताना पाणी बर्फाचं घाला, लोण्याचा गोळा घट्ट येतो. ताक काढून टाकल्यावर गार पाण्याने तीन-चार वेळा धुवा, शेवटचं पाणी नितळ निघालं पाहिजे. मग लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथन्याने ताटाच्या कडेला दाबत दाबत पाणी निथळवा. हाताच्या उबेने लोणी विरघळायला लागतं, म्हणून हात शक्यतो नको.

लोणी किंचित आंबूस असलं तर घाबरू नका. केकमध्ये चिमूटभर खायचा सोडा घातला की आंबूसपणा लपतो आणि केक हलकाही होतो. कुजकट किंवा खवट वास असेल तर मात्र कशानेच लपत नाही. ते लोणी केकला वापरूच नका.

केक पांढराफटक येतो. काही कमी पडलं का?

नाही. गायीच्या लोण्यात कॅरोटीन असतं, त्याने ते पिवळं दिसतं. म्हैस कॅरोटीनचं जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्वात रूपांतर करते, म्हणून तिचं दूध आणि लोणी पांढरं. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. चवीत काही उणं नसतं, फोटोत पिवळा दिसावा म्हणून रंग घालायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

खारं बटरच घरात आहे. गोड केकला चालेल?

चालेल. पुड्यावर सोडियम किती मिलिग्रॅम ते पाहा आणि अडीचने गुणा. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर मीठ २ ग्रॅम, म्हणजे पाव चमच्यापेक्षा थोडं जास्त. कृतीतलं मीठ तेवढं कमी करा. केक, ब्राउनीत हे पुरतं. बटर आयसिंगला मात्र बिनमिठाचंच घ्या, तिथे बटर इतकं जास्त असतं की खारटपणा साखरेतूनही वर येतो.

बटर 'रूम टेम्परेचर'ला आणा असं लिहितात. आमच्याकडे मे महिन्यात रूम टेम्परेचर म्हणजे ३७!

कृती लिहिणाऱ्याच्या खोलीत २० अंश असतात, हे तो गृहीत धरतो. बटर फेटायला योग्य तापमान १८ ते २० अंश. त्या अवस्थेत बोट दाबलं तर खड्डा पडतो, पण बोट तेलकट चमकत नाही. ३२ ते ३५ च्या दरम्यान बटर पूर्ण वितळतं.

साखर आणि बटर फेटतो ते गोडी मिसळायला नव्हे. साखरेचे दाणे बटरमध्ये घुसून बारीक हवेचे बुडबुडे करतात, बेकिंग पावडर नंतर तेच बुडबुडे फुगवते. नवे बुडबुडे ती तयार करत नाही. बटर पातळ झालेलं असेल तर हवा धरतच नाही, मग पावडर कितीही घाला, केक बसका आणि तुपकट होतो. थंड, कडक असेल तर साखर नुसती भोवती फिरते.

उन्हाळ्यात बटर फ्रिजमधून काढून एक सेंटिमीटरचे तुकडे करा आणि दहा मिनिटांत फेटायला घ्या. भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवा. पंख्याखाली फेटून काही होत नाही, पंखा हवा हलवतो, बटर थंड करत नाही. हँड मिक्सरने ३ ते ५ मिनिटं, हाताने आठ-दहा. पिवळं बटर फिकट, भुरभुरीत दिसायला लागलं की थांबा. जानेवारीच्या सकाळी उलट अडचण: भांड्यात गरम पाणी घालून ओता, पुसा आणि ते बटरच्या तुकड्यांवर पाच मिनिटं पालथं घाला. मायक्रोवेव्ह वापरायचा असेल तर कमी पॉवरवर पाच-पाच सेकंद. एकदम अर्धं मिनिट लावलंत तर बाहेरून पाणी आणि आत बर्फ.

फेटलेल्या बटरमध्ये अंडं घातलं आणि मिश्रण फुटलं. टाकून द्यायचं?

नको. अंडी फ्रिजमधून थेट आली किंवा एकदम सगळी पडली की फुटतं. कृतीतल्या मैद्यातलाच एक मोठा चमचा घाला, भांडं कोमट पाण्यात मिनिटभर धरा, पुन्हा फेटा. बहुतेक वेळा जुळून येतं.

मार्जरिन नेमकं काय, आणि बटरऐवजी तेवढंच घालायचं का?

मार्जरिन वनस्पती तेलांपासून बनतं, पण त्याची बांधणी बटरसारखी असते: ८० टक्के फॅट, १६ टक्क्यांपर्यंत पाणी. त्यामुळे वजनाला वजन बदलता येतं. १०० ला १००. डालडा म्हणजे वनस्पती तूप. त्यात पाणी नसतं, त्याला ८०-२० चाच नियम.

दोन गोष्टी लेबलवर बघा. पहिली, 'फॅट स्प्रेड' असं लिहिलं आहे का. पावाला लावायच्या डब्यांवर बहुधा तेच असतं आणि फॅट कधी ६५, कधी ४० टक्केच. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात, दिसायलाही सारखे, म्हणून गल्लत होते. स्प्रेडमधलं जास्तीचं पाणी बिस्किटांना केकसारखं मऊ करतं आणि नानकटाईचं तर पार पीठ करतं. दुसरी गोष्ट, टेबल मार्जरिन की बेकरी मार्जरिन. टेबल मार्जरिन ३१ ते ३७ अंशांत वितळतं, बेकरी मार्जरिन ४१ पर्यंत टिकू शकतं. उकाड्यात काम करायला बेकरी मार्जरिन सोपं, पण आपल्या तोंडाचं तापमान ३७ च्या आत, त्यामुळे त्याहून वरच्या तापमानाला वितळणारं फॅट टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. लक्ष्मीपुरीत घाऊक दुकानातून सुटं घेत असाल तर मूळ खोक्यावरचं नाव वाचूनच घ्या.

ट्रान्स फॅटची भीती विचारली जाते. जानेवारी २०२२ पासून भारतात तेल आणि फॅटमधल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, त्याआधीच्या वर्षी ३ टक्के होती. पूर्वीच्या डालड्याची गोष्ट आज तशीच लागू नाही. तरी चवीचं विचाराल तर मार्जरिन एकटं वापरू नये असंच आमचं मत. निम्मं बटर, निम्मं मार्जरिन घेतलं तर वास बटरचा येतो आणि पीठ हाताळायलाही जड जात नाही.

नानकटाई पसरते. तूप जास्त झालं का?

कदाचित. पण तूप बरोबर असूनही पसरते, आणि त्याची कारणं तीन. तूप पातळ होतं, साखर जाड होती, किंवा ओव्हन तापलेला नव्हता.

हे प्रमाण धरा: मैदा ३५० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, साजूक तूप २९० ग्रॅम, पिठी साखर २६० ग्रॅम, बेकिंग पावडर एक टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, मिठाची चिमूट, वेलची आणि जायफळ. २५ ग्रॅमचे गोळे केले तर चाळीसएक होतात. पिठाच्या तुलनेत तूप ५५ ते ६० टक्के ही हद्द. त्याखाली नानकटाई कडक होते, वर गेली की पसरते.

इथे तुपात दूध घालायचं नाही. ही कृती मुळातच तुपाची आहे, बटरवरून बदललेली नाही.

तूप थिजलेलं हवं. रवाळ तूप तसंच घेऊन पिठात मिसळलं तर कणी राहते आणि भाजताना त्या त्या जागी वितळून भोकं पडतात. परातीत तळहाताने किंवा मिक्सरने पाच-सात मिनिटं फेटा, कणी मोडून तूप पांढरंशुभ्र, लोण्यासारखं झालं पाहिजे. गरमीत तूप थिजत नसेल तर परातीत दोन-तीन बर्फाचे खडे टाकून तेच तुपात गोल फिरवत फेटा. तूप घट्ट होऊन पांढरं झालं की खडे काढा आणि सुटलेलं पाणी पूर्ण निथळून टाका. मग पिठी साखर, आणखी तीन-चार मिनिटं. शेवटी चाळलेलं पीठ दोन-तीन वेळा करून. मळायचं नाही, गोळा करायचा. मुठीत दाबल्यावर मुटका वळला आणि अंगठ्याने दाबल्यावर कडा किंचित चिरल्या तर बरोबर. मुटका वळतच नाही तर एक चमचा तूप. चमकतोय, बोटाला तेल लागतंय तर दोन चमचे मैदा आणि दहा मिनिटं फ्रिज.

सगळा ट्रे भरण्याआधी एकच नानकटाई भाजून बघा. १६० अंशांवर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८ ते २२ मिनिटं. ती नीट आली तर बाकीच्या घाला. ओव्हनमधून काढताना मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. कडक होईपर्यंत आत ठेवलीत तर खाली करपलेली मिळेल.

दिवाळीत बेकरीच्या भट्टीवर भाजायला द्यायचं असेल तर?

वरचंच प्रमाण दुप्पट करा: पीठ एकूण एक किलो, तूप ५८० ग्रॅम. घरी तूप वजन करून डब्यात भरा, बेकरीत अंदाजाने काढू नका. दिवाळीच्या तोंडावर नंबर लागायला तास-दीड तास जातो आणि भट्टीजवळ मिश्रण मऊ पडतं. म्हणून मिश्रण घरीच करून नेणार असाल तर स्टीलच्या डब्यात भरा आणि डब्याला ओलं फडकं गुंडाळा. बरोबर ५० ग्रॅम मैद्याची पुडी ठेवा, सैल वाटलं तर तिथेच घालता येते. आणि तूप घातलंय की मार्जरिन हे भट्टीवाल्याला आधीच सांगा. त्याचा हात मार्जरिनच्या पिठाला बसलेला असतो. तुपाचे गोळे तो त्याच अंदाजाने चपटे करतो आणि मग पसरतात.

बटरऐवजी तेल?

१०० ग्रॅम बटर = ८० ग्रॅम तेल, म्हणजे ८७ मिली + २० मिली दूध. गाजर केक, केळ्याचा केक, चॉकलेट केक, मफिन, ब्राउनी यांना तेल उत्तम, फ्रिजमध्येही मऊ राहतात. अंडी असतील तर पद्धत बदला. साखर आणि अंडी फेटून फिकट, घट्ट करा आणि मग तेल धारेने सोडा. हवा आता बटरऐवजी अंड्यात धरायची असते. बिनअंड्याच्या केकला तर तेल बटरपेक्षाही सोपं, तिथे दही आणि सोडाच केक उचलतात.

तेल रिफाइंड सूर्यफूल किंवा सोयाबीनचं घ्या. घाण्याचं शेंगतेल भाजीत कितीही चांगलं लागलं तरी व्हॅनिला केकमध्ये शेंगदाण्याचा वास लपत नाही. खोबरेल तेल २४-२५ अंशांखाली थिजतं, थंडीत पिठात गाठी होतात. नानकटाई, बटर कुकी, खारी यांना कुठलंच तेल नको, घट्ट फॅटशिवाय त्यांचा पोत होत नाही.

बटर कमी करायचं आहे. दही, केळं, सफरचंदाचा गर?

निम्म्यापर्यंतच. १०० ग्रॅम बटरऐवजी ५० ग्रॅम बटर आणि ४० ग्रॅम चक्का किंवा कुस्करलेलं केळं. दही वापरलं तर चिमूटभर सोडा. पूर्ण बटर काढलंत तर केक रबरासारखा ताणतो, कारण मैद्यातलं ग्लूटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, मऊ ठेवायला फॅटच लागतं. बिस्किटांत हा प्रयोग करू नका.

सायच थेट घातली तर?

सायीत फॅट किती ते दर वेळी बदलतं, त्यामुळे बटरच्या कृतीत ती बसवणं कटकटीचं. सायीच्या केकची वेगळी कृती असते, तीच करा. विकतच्या फ्रेश क्रीमचंही तेच: पुड्यावर २५ टक्के फॅट लिहिलेलं असेल तर १०० ग्रॅम बटरच्या बरोबरीला ३२० ग्रॅम क्रीम लागेल, आणि मग ते पीठ न राहता खीर होते.

कढईत किंवा कुकरमध्ये भाजताना प्रमाण बदलायचं का?

केकचं नाही. कुकरची शिट्टी आणि रबर काढायला विसरू नका एवढंच. बिस्किटांना मात्र झाकणाखाली वाफ कोंडते, वरून रंग येत नाही. तुपाची नानकटाई कढईत जमते, बटरची कुकी नीट जमत नाही. तूप कोरडं असतं, बटर स्वतःचं पाणी सोडतं.

घरी बटरची खारी करायची आहे.

थंडीत करा. लाटताना बटर १३ ते १६ अंशांच्या मध्ये हवं, वाकवल्यावर तुटू नये आणि बोटाला चिकटू नये. याहून थंड झालं की आत तुकडे पडतात, गरम झालं की पिठात मुरतं आणि पदर सुटत नाहीत. प्रत्येक घडीनंतर अर्धा तास फ्रिज. डिसेंबरातली पहाट सोडली तर कोल्हापुरात हे अवघडच. बेकऱ्या खारीला मार्जरिन वापरतात त्यामागे स्वस्ताईइतकंच हेही कारण आहे.

आयसिंग उन्हाळ्यात घसरतं.

बटर आणि आयसिंग शुगर १ ला २ वजनाने, हे नेहमीचं प्रमाण २८ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. उन्हाळ्यात बटरचा तिसरा हिस्सा मार्जरिनने बदला आणि केक न्यायच्या आधी दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. भर दुपारी केक न्यायचा असेल तर बटर आयसिंगचा हट्ट सोडून गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं आयसिंग, करा.

बटर, लोणी किती टिकतं?

विकतचं बटर पुड्यावरच्या तारखेपर्यंत फ्रिजमध्ये. ५०० ग्रॅमच्या वडीचे १०० ग्रॅमचे तुकडे करून घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकले तर सहा महिने जातात, आणि पुढच्या वेळी मोजायचंही काम उरत नाही. घरचं लोणी तीन-चार दिवसांत वापरा. उघडं ठेवू नका, बटर शेजारच्या कांद्या-लसणाचा वास ओढून घेतं.

तूप कढवल्यावर उरलेली बेरी बिस्किटांत घालता येते का?

येते, आणि छान लागते. गव्हाच्या पिठाच्या बिस्किटांत ५०० ग्रॅम पिठाला २५ ते ३० ग्रॅम. बेरीत तूप अडकलेलं असतं, म्हणून तुपातून १० ग्रॅम कमी करा. आधी हाताने चुरा करून घ्या, गाठ राहिली तर ती जागा करपते. बेरी सोनेरी-तांबूस असेल तरच वापरा. काळपट झालेली कडू लागते.